'अॅक्वायर' : कस्ब की गस्ब? एका इंग्रजी शब्दाचा व्यापारी हिशेब

वस्तू मिळवण्यासाठी इंग्रजीत शब्दांची कमतरता नाही. 'गेट' आहे, 'बाय' आहे, 'अर्न' आहे, 'गेन' आहे, 'प्रोक्युअर' आहे. यांपैकी बहुतेक शब्द ऐकले की वस्तू कशी हाती आली याचा थोडाफार अंदाज येतो. 'बाय' म्हटले की पैसे मोजले, 'अर्न' म्हटले की घाम गाळला. एक शब्द मात्र असा आहे की तो ऐकून यातले काहीच कळत नाही, आणि नेमका तोच शब्द व्यापाऱ्याच्या कागदांवर वारंवार येतो. तो शब्द म्हणजे 'अॅक्वायर' आणि त्यापासून झालेले नाम 'अॅक्विझिशन'.

आयकराच्या हिशेबात 'कॉस्ट ऑफ अॅक्विझिशन' असते. रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हा 'लँड अॅक्विझिशन' होते. एक कंपनी दुसरीला गिळते तेव्हा वर्तमानपत्रात 'अॅक्विझिशन' छापून येते. दुकानात कार्डाचे मशीन बसवायचे म्हटले की करारात 'अॅक्वायरर' नावाचा एक पक्ष असतो. आपले व्यापारी बंधू या सर्व ठिकाणी शब्द तोच आहे असे समजून सही करून मोकळे होतात. आमच्या मते प्रत्येक वेळी या शब्दाला एक प्रश्न विचारला पाहिजे : मिळाले ते कसे मिळाले?

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. 'क्वेरेरे' म्हणजे शोधणे, विचारणे. 'क्वेरी', 'इन्क्वायरी', 'रिक्वायर' ही त्याचीच भावंडे. म्हणजे मुळात शोधून, मागून मिळवणे असा अर्थ होता. पुढे शोधणे आणि मागणे गळून पडले, मिळवणे तेवढे राहिले.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. तेथे बेरीज शिकताना मराठी शाळेतली मुले ज्याला 'हातचा' म्हणतात त्याला आम्ही 'हासिल' म्हणत असू. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हासिल एक. मराठी माणूस 'भांडून काय हशील?' असे विचारतो तो हाच शब्द. तहसील कचेरीतही तोच आहे. तहसील म्हणजे हासिल करणे, वसुली करणे, आणि ती करणारा तहसीलदार. विद्या मिळवण्यालाही उर्दूत तहसील-ए-इल्म म्हणतात. म्हणजे सारा गोळा करणारा आणि धडा पाठ करणारा दोघेही एकच काम करतात, असे भाषेपुरते तरी म्हणता येईल.

परंतु धंद्याच्या दृष्टीने दोन शब्द याहून महत्त्वाचे आहेत. एक 'कस्ब' आणि दुसरा 'गस्ब'. देवनागरीत ते जुळे भाऊ वाटतात. उर्दूत लिहिताना पहिला छोट्या काफने आणि सीनने लिहितात, दुसरा गैनने आणि स्वादने. कस्ब म्हणजे मेहनतीने, व्यवहाराने कमावणे. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याचे 'कसब' केले. विणकराच्या हाताला कसब आहे असे आपण म्हणतो ते यावरूनच. (जरीच्या तारेला कापडबाजारात कसब म्हणतात तो शब्द वेगळा, तो बड्या काफचा.) गस्ब म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता त्याच्या रजामंदीशिवाय उघडपणे ताब्यात घेणे. चोर लपून नेतो, गासिब दिवसाढवळ्या नेतो. फिकहच्या ग्रंथांत गस्बचे स्वतंत्र प्रकरण असते आणि त्यातला नियम साधा आहे : घेतलेली वस्तू आहे तशी परत करा, ती नष्ट झाली असेल तर तशीच दुसरी द्या किंवा किंमत भरा.

कस्बपासूनच 'इक्तिसाब' हा शब्द निघाला. सूरह बकराच्या शेवटच्या आयतीत हे दोन्ही शब्द येतात आणि कस्ब नेकीसाठी, इक्तिसाब बदीसाठी आला आहे याकडे मुफस्सिरांनी लक्ष वेधले आहे. सूरह निसामध्ये मात्र पुरुषांनी कमावलेल्यात पुरुषांचा आणि स्त्रियांनी कमावलेल्यात स्त्रियांचा वाटा सांगताना इक्तिसाबच आला आहे. अरबी भाषा मिळवण्याच्या वाटा अशा वेगवेगळ्या दाखवते. इंग्रजी 'अॅक्वायर' कस्ब आणि गस्ब दोघांनाही एकाच पिशवीत घालतो.

भूसंपादनापासून सुरुवात करू, कारण सध्या आपल्या भागात सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त भांडणे याच शब्दात अडकलेली आहेत. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक भिवंडी तालुक्यात आमणे येथे येते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ठाणे जिल्ह्यातून जाते. गोदामे, यंत्रमागांचे गाळे, शेती, वाडे यांतले बरेच काही या रेषांखाली आले.

इंग्रजांनी १८९४ साली भूसंपादनाचा जो कायदा केला तो जवळजवळ १२० वर्षे चालला. सरकारने ठरवले की जमीन गेली. मालकाची इच्छा विचारण्याची त्यात सोय नव्हती, हरकत तेवढी घेता येत असे. खासगी कंपनीसाठीही तो वापरता येत होता. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला तो टाटांच्या धरणासाठी अशाच तऱ्हेने जाणाऱ्या जमिनींसाठी होता. संपादन हा शब्द मराठीत किती साजरा आहे पाहा. ज्ञान संपादन करावे, विश्वास संपादन करावा, आणि या साप्ताहिकालाही संपादक आहेत. तोच शब्द सातबाऱ्याला चिकटला की त्याचा अर्थ 'घेतले' एवढाच उरतो.

२०१३ साली नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सरकार-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या कामासाठी अशी अट नाही. ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतच्या गुणकाने गुणतात आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम देतात. जुन्या कायद्यात ती ३० टक्के होती. प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्गाची जमीन मात्र १९५६ च्या वेगळ्या कायद्याने घेतात आणि तेथे हरकतीची मुदत फक्त २१ दिवस आहे. नोटीस कुठल्या कायद्याखाली आली आहे हे पाहिल्याशिवाय दिवस मोजू नयेत.

आपल्या व्यवसायबंधूंना फारशी ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. २०१३ च्या कायद्यातील 'बाधित कुटुंब' म्हणजे केवळ जमीनमालक नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जागी काम करणारे भाडेकरू, कारागीर, मजूर, ज्यांची रोजी मुख्यतः त्या जागेवर अवलंबून आहे, तेही त्यात येतात. भाड्याच्या गाळ्यात चार माग चालवणाऱ्याला मालकाइतका मोबदला मिळणार नाही, परंतु पुनर्वसनाचा हक्क सांगता येईल. त्यासाठी तीन वर्षांचा पुरावा लागतो : विजेची बिले, भाडेपावत्या, दुकाने-आस्थापनांची नोंद, जीएसटीची नोंद. आपल्याकडे भाडे रोख, पावती नाही, वीज मालकाच्या नावावर असा कारभार असतो. मग कायदा कितीही चांगला असला तरी कारागीर कागदावर दिसतच नाही.

सत्तेने जमीन घेणे ही गोष्ट इस्लामी इतिहासात नाही असे नाही. हिजरतनंतर मदिनेत मशिदीसाठी जी जागा निवडली ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. ती फुकट देण्याची तयारी दाखवली गेली, परंतु हुजूर (स.) यांनी किंमत देऊनच ती घेतली. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत मशिदीचा विस्तार करताना हजरत अब्बास (रजि.) यांचे घर मध्ये आले. ते विकायला तयार होईनात. रिवायत अशी आहे की प्रकरण हजरत उबई बिन काब (रजि.) यांच्यापुढे गेले आणि निकाल खलिफांच्या विरुद्ध लागला. निकाल लागल्यावर हजरत अब्बास यांनी ते घर आपण होऊन, मोबदला न घेता, मशिदीसाठी दिले. म्हणजे घर शेवटी गेले मशिदीतच, परंतु 'नाही' म्हणण्याचा हक्क आधी सिद्ध झाला. मक्केत हरमच्या विस्ताराच्या वेळी ज्यांनी घरे विकली नाहीत त्यांची घरे पाडून किंमत अमानत म्हणून ठेवली गेली, अशीही रिवायत आहे. सार्वजनिक गरज आणि मालकाचा हक्क यांतली ओढाताण तेव्हाही होतीच. (१९९३ साली अयोध्येतील जमीन घेण्यासाठी केंद्राने केलेल्या कायद्याच्या नावातही हाच 'अॅक्विझिशन' आहे. हे पान व्यापाराचे आहे, म्हणून त्यावर येथे अधिक लिहीत नाही.)

सरकार घेते तेव्हा आपण आवाज करतो, आणि तो करावाच. परंतु मोबदल्याचा चेक घरात आल्यावर काय होते, यावर आपल्या बिरादरीत कोणी बोलत नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची जमीन रस्त्यात गेली. सातबाऱ्यावर तिघा भावांची नावे. बहिणी दोन. वडिलांच्या चाळिसाव्यानंतर थोड्याच दिवसांत दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. तेव्हा जमिनीला फारशी किंमत नव्हती आणि माहेर तुटू नये एवढीच त्यांची इच्छा होती. हातात कोणी काही ठेवले नाही. मोबदला आला तेव्हा तिघांनी तीन वाटे केले. सरकारी दफ्तराप्रमाणे यात काहीच चूक नाही.

शरियतचा हिशेब वेगळा आहे. आई आधीच वारलेली, मागे तीन मुलगे व दोन मुली. मुलाचे दोन हिस्से, मुलीचा एक. एकूण आठ हिस्से झाले. मोबदला समजा ८० लाख असेल तर प्रत्येक भावाचे २० लाख आणि प्रत्येक बहिणीचे १० लाख. कापडाचा कच्चा हिशेब ठेवणारा पोऱ्यासुद्धा हे तोंडी करील. भावांनी मात्र २६ लाख ६६ हजार प्रत्येकी घेतले.

मधल्या भावाला चैन पडेना, म्हणून त्याने एका आलिमना विचारले. त्यांनी समजावले ते असे : वारशाची मालकी मागून मिळत नाही आणि 'मला नको' म्हटल्याने जातही नाही. मरण पावणाऱ्याचा श्वास थांबला की ती वारसांकडे जाते. एखाद्या वारसाला बाहेर पडायचे असेल तर त्याला तखारुज म्हणतात. त्यात बाहेर पडणारा ठरावीक काही घेऊन, समजून-उमजून, राजीखुशीने बाहेर पडतो. येथे बहिणींनी काही घेतलेच नाही. संकोचाने केलेली सही ही खुशी नव्हे. मधल्या भावाने आपल्याकडे जादा आलेली रक्कम दोघींना अर्धी अर्धी दिली. उरलेल्या दोघांनी त्याच्याशी बोलणे सोडले. मोठा भाऊ आमच्याच बाजारात आहे आणि 'कायद्याने अॅक्वायर केले' असे तो सांगतो. वाक्य इंग्रजी वळणाचे असल्यामुळे ते ऐकायला चांगले वाटते. उर्दूत सांगायला गेला तर त्याला कस्ब आणि गस्ब यांतला एक शब्द निवडावा लागेल.

सर्वच शब्दप्रयोग इतके जड नाहीत. गिरण्यांचेच पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९८३ साली केंद्र सरकारने मुंबईच्या १३ गिरण्या घेतल्या, परंतु त्या कायद्याने घेतले ते फक्त व्यवस्थापन. मालकी जुन्या मालकांचीच राहिली. मालकीसुद्धा सरकारकडे आली ती १९९५ च्या कायद्याने. 'टेकिंग ओव्हर' आणि 'अॅक्विझिशन' या दोन शब्दांमध्ये बारा वर्षे गेली. देणी कोणाची, जमीन कोणाची, यंत्रे कोणाची, हे सर्व प्रश्न त्या दोन शब्दांच्या फटीत लोंबकळत राहिले. कानपूरच्या स्वदेशी कॉटन मिल्ससाठी १९८६ साली झालेल्या कायद्याच्या नावात तर 'अॅक्विझिशन' सरळच होते.

कंपन्यांच्या जगात हा शब्द सर्वांत दिमाखाने फिरतो. १९८३ साली लंडनचे उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएम, म्हणजे आपली जुनी दिल्ली क्लॉथ मिल्स, यांचे शेअर बाजारातून उचलले. पैसे रोख मोजले होते, तरी दोन्ही कंपन्यांच्या संचालकांनी शेअर त्यांच्या नावावर चढवायला नकार दिला. एस्कॉर्ट्सचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८५ साली निकाल लागला. थोडे भांडवल असताना पिढ्यान्‌पिढ्या कंपनी चालवणाऱ्या घराण्यांना त्या वेळी प्रथमच कळले की शेअर विकत घेणाराही मालकच असतो. आज 'सेबी'चे २०११ चे नियम असे आहेत की एखाद्याने कंपनीचे २५ टक्के मतदानाचे शेअर घेतले की त्याने बाकीच्या भागधारकांना आणखी २६ टक्के विकत घेण्याचा खुला देकार द्यायचा. मोठा खरेदीदार आला तर छोट्या भागधारकालाही तोच भाव मिळावा, हा हेतू. हा नियम आम्हांला पसंत आहे.

आणि एअर इंडियाचा किस्सा कोणी विसरू नये. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली सुरू केलेली विमान कंपनी १९५३ साली कायद्याने सरकारकडे गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी ती पैसे देऊन परत घेतली. दोन्ही वेळा इंग्रजीत क्रियापद एकच लागते. पहिल्या वेळी विकणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नव्हते, दुसऱ्या वेळी लिलाव झाला होता.

कापडवाल्यांनी आणखी एका संपादनाची आठवण ठेवावी. संग्रहालयात नवीन वस्तू आली की इंग्रजीत तिची नोंद 'अॅक्विझिशन' म्हणून होते. टिपू सुलतानचा लाकडी वाघ १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला आणि आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. वाघ सर्वांना माहीत असतो. कापडाची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानच्या कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. साड्या, लुंग्या, पागोटी, मलमल, काठ, पदर, सर्व काही, लांबी-रुंदी-वजनासह. असे २० संच तयार केले. १३ ब्रिटनमधल्या शहरांना दिले आणि ७ हिंदुस्थानात ठेवले. उद्देश लपवलेला नव्हता : इथल्या गिऱ्हाइकाला काय लागते हे विलायतेच्या गिरणीवाल्याला घरबसल्या कळावे. कापडाच्या तुकड्यांची किंमत कोणीतरी कुठेतरी दिलीही असेल. परंतु काठाची ती नक्षी ज्याच्या हातातून उतरली, त्या विणकराच्या कसबाची किंमत कोणत्या खात्यावर पडली? आज तेच नमुने पाहायला आपलेच डिझायनर जातात आणि तीच नक्षी सुरतेच्या पॉलिएस्टरवर छापून बाजारात येते. हा हिशेब अजून मिटलेला नाही.

आता आयकर, कारण 'कॉस्ट ऑफ अॅक्विझिशन' म्हणजे वस्तू मिळवताना पडलेली किंमत, हीच नफा मोजण्याची पहिली पायरी आहे. विक्रीच्या रकमेतून ती वजा करायची आणि उरलेल्यावर कर भरायचा. अडचण अशी की काही गोष्टी मिळवताना किंमत पडतच नाही. बंगळुरूच्या एका अगरबत्तीवाल्या पेढीची नाममुद्रा, म्हणजे गुडविल, विकली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली म्हटले की वर्षानुवर्षांच्या इमानदारीने आपोआप तयार झालेल्या नावाला खरेदीची किंमत नसते, मग नफा कसा मोजणार? कर माफ झाला. सरकार गप्प बसणार नव्हतेच. पुढे कायदा बदलून अशा गुडविलची किंमत शून्य धरायची असे ठरले, म्हणजे येईल ती सगळी रक्कम नफा. नंतर याच यादीत भाडेकरूचा हक्क, बस वाहतुकीचे परवाने आणि 'लूम अवर्स' हेही आले. लूम अवर्स म्हणजे कोलकात्याच्या ताग गिरण्यांनी आपसांत ठरवून घेतलेले माग चालवण्याचे तास. एक गिरणी आपले तास दुसरीला विकत असे.

भाडेकरूचा हक्क यादीत आल्याचा अर्थ मुंबईच्या कापडबाजारात नीट समजून घेतला पाहिजे. मूळजी जेठा किंवा मंगलदास मार्केटसारख्या ठिकाणी दुकान पगडीवर असते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पगडीचा व्यवहार कायदेशीर केला. वडिलांनी पगडी दिली असेल आणि तिचा कागद असेल, तर दुकान सोडताना तेवढी किंमत वजा होते. कागद नसेल तर शून्य. त्या काळी पगडी रोख आणि विनापावती दिली जाई हे सर्वांना माहीत आहे, परंतु आयकर अधिकाऱ्याला ते माहीत करून देणारा कागद हवा.

वारशाने किंवा हिबाने मिळालेल्या मालमत्तेत मागच्या मालकाला पडलेली किंमत धरतात. १ एप्रिल २००१ पूर्वीची मालमत्ता असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी देशातल्या रहिवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा टक्के, यांतला कमी कर भरता येतो. हिबा तोंडी होऊ शकतो : देणाऱ्याने देतो म्हणावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा द्यावा. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही मुस्लिम हिब्याला नोंदणीची सक्ती नाही असे सांगितले. तरीही ताबा कधी दिला याची दोन ओळींची नोंद करून ठेवावी. दुसरी एक चांगली गोष्ट : २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेल्या मोबदल्यावर आयकर लागत नाही, हे प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ साली परिपत्रकाने स्पष्ट केले. त्याच कायद्यात सांगितलेल्या खासगी खरेदीला मात्र ही सूट नाही. करसल्लागाराला हे विचारून घ्यावे, कारण मोबदल्यावर विनाकारण कर भरलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

ताब्याचा मुद्दा निघालाच आहे तर आपल्या धंद्यातली एक सवय सांगतो. माल आपल्या कब्जात येण्याआधी तो पुढे विकू नये, ही हदीसची स्पष्ट ताकीद आहे. ग्रे कापडाच्या बाजारात मात्र तागा मागावरून उतरायचा असतो आणि तो तीन वेळा विकून झालेला असतो. भाव चढता असेल तोवर सगळे खुश. भाव उतरला की चौथा खरेदीदार फोन उचलत नाही आणि विणकराचे कापड दारात पडून राहते. ज्या इस्लामी वित्तसंस्था मुराबहा करतात त्यांनाही हाच नियम आहे : आधी माल स्वतः घ्यायचा, जोखीम उचलायची, मग नफा लावून विकायचा. कागदोपत्री 'अॅक्वायर' केले असे लिहून गाडी गोदामातून हललीच नसेल, तर तो व्यवहार व्याजाचाच झाला.

राहिले कार्डाचे मशीन. यात दोन बँका असतात. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी ती 'इश्युअर' आणि दुकानदाराला मशीन देणारी ती 'अॅक्वायरर'. आमच्याकडे मशीन द्यायला आलेल्या मुलांना आम्ही विचारले, ही बँक अॅक्वायर करते ते काय? दोघे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एकाने खरे ते सांगितले : 'चाचा, तुम्हांलाच.' त्यांच्या भाषेत दुकानदार हाच मिळवलेला माल. हसून सोडण्यासारखी गोष्ट आहे, परंतु करार वाचला तर हसू कमी होते. कार्डाच्या प्रत्येक विक्रीवर बँक ठरावीक टक्के कापते (यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला हे कापून घेतले जात नाही). गिऱ्हाइकाने महिन्याभराने तक्रार केली की मी हा व्यवहार केलाच नाही, तर बँक रक्कम आमच्या खात्यातून परत ओढते आणि पुरावा आम्ही द्यायचा. म्हणून सही केलेली स्लिप, बिल आणि माल दिल्याची पोच फाडून टाकू नये. लग्नाच्या बस्त्याची मोठी बिले तर मुळीच नाही.

आमच्या मशीनच्या कराराची मुदत या मार्चमध्ये संपते. नवीन करार मराठीत द्यावा आणि 'अॅक्वायरर' या शब्दाऐवजी 'दुकानदाराची बँक' असे लिहावे, असा अर्ज आम्ही शाखेत दिला आहे. पोच घेतली आहे.